अम्लपित्त

अम्लपित्त : छातीत किंवा घशाशी जळजळणे, आंबट वा कडू ढेकर येणे, मळमळणे, जेवणानंतर पोट जड वाटणे या तक्रारींच्या समूहाला मराठीत दिले जाणारे रूढ नाव. आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीने हा एक रोग नसून निरनिराळ्या कारणांनी उद्‌भवणाऱ्या काही विकारांचा गट आहे. जठरातील अम्लयुक्त द्रव उलट दिशेने ग्रसिकेत (घशापासून जठरापर्यंतच्या अन्ननलिकेच्या भागात) चढणे हा त्यांतील सर्वांत महत्त्वाचा विकार होय. त्याला या नोंदीत ‘अम्लप्रतिवाह’ म्हटले आहे.

या विकारासंबंधीचे बरेच गैरसमज नावातूनच निर्माण झाले आहेत. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण नाही. ते काश्यपसंहितेत आणि माधवनिदानात आढळते. अन्न न पचणे, थकवा, मळमळ, कडू-आंबट ढेकर, अंग जड होणे, छाती व घसा यांची आग होणे आणि तोंडाची चव जाणे ही माधवाने सांगितलेली लक्षणे आजच्या रुग्णाच्या कथनाशी इतकी जुळतात की, निरीक्षणाच्या अचूकपणाबद्दल शंका राहत नाही. मात्र आयुर्वेदातील ‘पित्त’ हा एक दोष आहे, तर शरीरक्रियाविज्ञानातील पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा, चवीला कडू, हिरवट पिवळा आणि किंचित क्षारधर्मी (अल्कलाइन) रस होय. छातीत जळजळ करणारा द्रव मुख्यतः जठरातील हायड्रोक्लोरिक अम्ल असतो. रिकाम्या पोटी उलटी होऊन पिवळे, कडू पाणी पडते तेव्हा मात्र लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातून जठरात मागे आलेले खरे पित्त त्यात असते.

बोलभाषेत याहून अधिक सरमिसळ होते. ‘पित्ताने डोके चढले’ असे म्हणणाऱ्या आणि उलटी झाल्यावर बरे वाटणाऱ्या व्यक्तीला पुष्कळदा अर्धशिशी असते; तीत उलटी हे डोकेदुखीचे कारण नसून तिच्याबरोबरचे लक्षण असते. ‘अंगावर पित्त उठणे’ म्हणजे त्वचेवर खाजणाऱ्या गांधी येणे, हा हिस्टामीन या पदार्थामुळे होणारा आणि बहुधा अधिहर्षताजन्य (ॲलर्जीचा) विकार आहे. जठराम्लाशी त्याचा संबंध नाही. पित्ताशयातील खड्यांमुळे उजव्या बरगडीखाली उठणारी कळ ही आणखी निराळी. या सर्वांवर एकच पाचक चूर्ण किंवा एकच गोळी घेत राहिल्याने मूळ विकाराचे निदान लांबणीवर पडते.

शारीर रचना व क्रिया : ग्रसिका ही सुमारे २५ सेंमी. लांबीची स्नायुमय नळी छातीतून खाली उतरते आणि मध्यपटलातील (छाती व उदर यांमधील स्नायूच्या पडद्यातील) छिद्रातून जाऊन जठराला मिळते. तिच्या खालच्या टोकाशी ३ ते ४ सेंमी. लांबीचा परिसंकोची (आवळून धरणारा) स्नायू असतो. एरवी तो मिटलेला असतो. घास उतरताना काही सेकंद सैल पडतो आणि पुन्हा आवळला जातो. मध्यपटलाच्या स्नायूचा वेढा त्याला बाहेरून आधार देतो. मध्यपटलाचे छिद्र रुंदावून जठराचा वरचा भाग छातीत सरकला, म्हणजे अंतर्गळ (हर्निया) झाला, तर हा आधार सुटतो.

जठरात दररोज दीड ते दोन लिटर रस स्रवतो. त्यातील अम्ल इतके तीव्र असते की, रिकाम्या जठरातील पीएच मूल्य सर्वसाधारणतः १.५ ते ३.५ या दरम्यान राहते. बहुतेक सूक्ष्मजंतू त्यात मरतात, तसेच पेप्सीन हे प्रथिने पचविणारे एंझाइम त्यामुळे कार्यक्षम होते. हे अम्ल हायड्रोक्लोरिक आहे असे विल्यम प्राउट यांनी १८२३ साली दाखविले. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने जखमी झालेल्या एका तरुणाच्या पोटाला कायमचे छिद्र राहिले होते. त्या छिद्रातून अन्नाचे तुकडे दोऱ्याला बांधून आत सोडणे, काही वेळाने ते बाहेर काढून पाहणे असे प्रयोग विल्यम बोमंट या लष्करी शस्त्रवैद्यांनी अनेक वर्षे केले. त्यांचा १८३३ मधील ग्रंथ पचनाच्या अभ्यासाचा पाया ठरला.

जठराच्या अस्तरावर श्लेष्म्याचा (बुळबुळीत स्रावाचा) आणि बायकार्बोनेटाचा जाड थर असल्याने ते स्वतःच्याच अम्लाने भाजत नाही. ग्रसिकेच्या अस्तराला असे चिलखत नसते. तेथे पोहोचलेले अम्ल गिळण्याच्या लाटेने खाली ढकलले जाते आणि उरलेले क्षारधर्मी लाळेने शमविले जाते, एवढेच तिचे संरक्षण. झोपेत गिळण्याची क्रिया व लाळ दोन्ही मंदावतात. म्हणून रात्रीचा प्रतिवाह अधिक हानिकारक असतो.

कारणे : ‘पोटात ॲसिड फार होते’ हे रुग्णाचे नेहमीचे अनुमान बहुधा चुकीचे असते. अम्लप्रतिवाहाच्या बहुसंख्य रुग्णांत अम्लाचे उत्पादन निरोगी व्यक्तीइतकेच असते; बिघाड असतो तो अम्लाच्या जागेचा. गिळणे चालू नसताना परिसंकोची स्नायू अधूनमधून आपोआप सैल पडतो. ढेकर देण्यासाठी ही योजना आवश्यकच आहे, कारण तीमुळे जठरातील हवा बाहेर पडते. मात्र हवेबरोबर अम्लही वर येऊ लागले की तक्रार सुरू होते. जठर ताणले गेले की या शिथिलतेचा वेग वाढतो. जेवणानंतर अन्नाच्या वरच्या पृष्ठभागावर, नेमका जठराच्या तोंडाशी, अन्नात न मिसळलेल्या अम्लाचा थर जमतो. भरपेट जेवून लगेच आडवे होणारास जळजळ का होते याचा उलगडा यातून होतो.

स्थूलपणा, कमरेला घट्ट आवळलेले वस्त्र, धूम्रपान, मद्य, तळलेले व स्निग्ध पदार्थ आणि चॉकलेट ही प्रतिवाहाला पोषक ठरणारी कारणे होत. पचनासाठी म्हणून खाल्ला जाणारा पुदिनाही काहींचा त्रास वाढवतो. रक्तदाबावरील काही औषधे (उदा., निफेडिपीन) आणि दम्यावरील थिओफायलीन यांनीही परिसंकोची स्नायू ढिला होतो. मिरचीची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती अम्ल फारसे वाढवीत नाही, पण आधीच सोललेल्या अस्तराला झोंबते. उपवासाने पोटाला विश्रांती मिळते असे मानले जाते. परंतु दिवसभर चहावर राहून संध्याकाळी तुपातली साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि शेंगदाणे भरपूर खाल्ले, तर विश्रांतीऐवजी त्रासच पदरी पडतो.

लक्षणे : जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर छातीच्या मध्यभागी खालून वर चढणारी जळजळ आणि तोंडात आंबट पाणी येणे ही प्रमुख लक्षणे होत. काही रुग्णांत पहाटेचा खोकला, आवाज बसणे, दातांची झीज किंवा दम्याची वाढ एवढेच दिसते.

हृदयविकाराच्या झटक्याशी होणारा घोटाळा प्राणघातक ठरू शकतो. ग्रसिका व हृदय यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या जवळपास त्याच भागांत पोहोचत असल्याने दोहोंची वेदना एकाच जागी जाणवते. छातीवर दाब आल्यासारखे वाटणे, वेदना खांदा, हात, पाठ वा जबड्याकडे जाणे, घाम सुटणे, धाप लागणे, चालल्याने त्रास वाढणे या गोष्टी हृदयाकडे बोट दाखवितात. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांत पुष्कळदा केवळ मळमळ, अस्वस्थता किंवा ‘ॲसिडिटी’ इतकेच लक्षण असते. अम्लशामक औषधाने बरे वाटले म्हणून हृदयविकार नाही, असे सिद्ध होत नाही. अशा रुग्णाचा हृद्‌विद्युत्‌ आलेख ताबडतोब काढणे आवश्यक असते. सोडा पाजून सकाळची वाट पाहण्यात गेलेला वेळ भरून काढता येत नाही.

निदान व उपद्रव : नमुनेदार लक्षणे असलेल्या तरुण रुग्णात तपासण्यांची सहसा गरज नसते. गिळताना घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा मल, रक्तक्षय किंवा उतारवयात प्रथमच सुरू झालेली तक्रार यांपैकी काही असल्यास अंतर्दर्शन (दुर्बिणीची लवचिक नळी घालून केलेली पाहणी) विनाविलंब करतात. शंका राहिल्यास ग्रसिकेतील पीएच मूल्य २४ तास नोंदले जाते; ते ४ च्या खाली किती वेळ राहिले यावरून प्रतिवाहाचे मोजमाप होते. दीर्घकालीन प्रतिवाहाने ग्रसिकेला शोथ (दाहयुक्त सूज) येतो, व्रण पडतात आणि व्रण भरून येताना नळी अरुंद होते. काहींत खालच्या भागाचे अस्तर बदलून आतड्यासारखे होते. या अवस्थेला नॉर्मन बॅरेट या शस्त्रवैद्यांचे नाव दिले गेले आहे. तीतून कर्करोग उद्‌भवू शकतो, पण तसे थोड्यांतच घडते. भारतात ग्रसिकेचा अधिक आढळणारा कर्करोग निराळ्या प्रकारचा असून त्याचा संबंध तंबाखू व मद्य यांच्याशी आहे.

इतर सामान्य तक्रारी : वरच्या पोटात दुखणे, चार घासांतच पोट भरणे, पोटात गुबारा धरणे या तक्रारी असूनही अंतर्दर्शनात काहीच आढळले नाही, तर त्याला कार्यात्मक अपचन म्हणतात. त्यात जठराची संवेदनशीलता व हालचाल बिघडलेली असते. ते ‘मनाचे खेळ’ नव्हेत. पचनज व्रणाचे मुख्य कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या. रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी ऑस्ट्रेलियात हा जंतू १९८२ साली वेगळा वाढविला. मार्शल यांनी १९८४ मध्ये त्याचे संवर्धन स्वतः पिऊन जठरशोथ ओढवून घेतला. दोघांना २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ताणतणाव व तिखट यांनी व्रण होतो हा समज तेव्हापासून मागे पडला, तरी घरोघरी तो अजून टिकून आहे. ‘गॅस’ म्हणून सांगितली जाणारी तक्रार कधी भराभर जेवताना गिळलेल्या हवेमुळे असते, तर कधी कडधान्यांतील न पचणाऱ्या शर्करा मोठ्या आतड्यातील जंतूंनी आंबविल्यामुळे. दूध पचत नसणाऱ्या प्रौढांत लॅक्टोज शर्करेमुळे हेच घडते.

चिकित्सा : सवयींत बदल करणे हा उपचाराचा पाया होय. वजन कमी करावे, रात्रीचे जेवण हलके असावे आणि जेवण व झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. पलंगाच्या उशाकडील पायांखाली १५ ते २० सेंमी. उंचीचे ठोकळे ठेवावेत. उशांची चळत रचल्याने शरीर कमरेत दुमडून पोटावरचा दाब उलट वाढतो. शतपावली व वामकुक्षी या जुन्या प्रथांना येथे आधार मिळतो. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर पडणे. त्या स्थितीत जठराचा फुगीर भाग खाली व ग्रसिकेचे तोंड वर राहते. उजव्या कुशीवर याच्या उलट होते. मात्र वामकुक्षी अल्पकाळाची विश्रांती होती, हे दुपारची दोन तासांची झोप घेणारे विसरतात.

थंड दुधाने तात्काळ बरे वाटते, परंतु त्यातील कॅल्शियम व प्रथिने यांमुळे काही वेळाने अम्लाचे स्रवण वाढते. खाण्याच्या सोड्याने अम्ल शमते व कार्बन डाय-ऑक्साइड वायू सुटून ढेकर येते. या ढेकरेलाच लोक गुण आला असे समजतात. त्यातील सोडियम उच्च रक्तदाब व मूत्रपिंडविकार असणाऱ्यांना घातक असते. ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांची अम्लशामके अधिक सुरक्षित असली, तरी त्यांचा परिणाम थोडा वेळच टिकतो.

जेम्स ब्लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून १९७६ मध्ये सिमेटिडीन हे औषध वापरात आले आणि अम्लाचे उत्पादनच घटविणे शक्य झाले. त्याच वर्गातील रॅनिटिडीन दीर्घकाळ लोकप्रिय होते. त्यात कर्करोगकारक अशुद्धी आढळल्याने अमेरिकेत ते २०२० मध्ये बाजारातून काढले गेले. ओमेप्राझोल १९८८ मध्ये आले. ते व त्यानंतरची पँटोप्राझोलसारखी औषधे जठरातील अम्ल बाहेर टाकणारी रासायनिक यंत्रणाच बंद पाडतात. ही यंत्रणा जेवणाने चालू होत असल्याने गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावी लागते. जळजळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा लगेच उपयोग होत नाही. प्रतिवाहजन्य शोथासाठी ती सामान्यतः आठ आठवडे देतात. कोणत्याही गोळीबरोबर ‘पोटाला त्रास नको’ म्हणून ती लिहून देण्याची आणि वैद्याला न विचारता वर्षानुवर्षे घेत राहण्याची पद्धत समर्थनीय नाही. दीर्घ वापराने ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम यांची न्यूनता उद्‌भवू शकते, तसेच आतड्याच्या संसर्गाची शक्यता वाढते. औषध एकाएकी थांबविल्यास काही आठवडे अम्ल नेहमीपेक्षा अधिक स्रवते आणि गोळीशिवाय जगताच येत नाही असा रुग्णाचा ग्रह होतो. म्हणून मात्रा हळूहळू कमी करतात. रक्तस्रावी व्रण झालेले, रोज ॲस्पिरीन घेणारे वृद्ध किंवा बॅरेट यांच्या अवस्थेचे रुग्ण यांनी मात्र ते परस्पर बंद करू नये.

औषधांनी भागत नसल्यास जठराच्या वरच्या भागाची घडी ग्रसिकेभोवती गुंडाळून शिवण्याची शस्त्रक्रिया करतात. रूडोल्फ निसेन यांनी १९५५ साली ती प्रथम याच विकारासाठी केली. हल्ली ती उदरावरील लहान छिद्रांतून केली जाते. गर्भिणींत प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनाने स्नायू शिथिल होतो व गर्भाशयाचा दाबही पडतो. प्रसूतीनंतर त्रास बहुधा थांबतो. तान्ह्या मुलांनी दूध टाकणे हा प्रतिवाहच असला, तरी वजन नीट वाढत असेल तर तो विकार मानीत नाहीत. स्नायू परिपक्व होऊन मूल बसू-उभे राहू लागले की एक ते दीड वर्षाच्या सुमारास तो बहुधा आपोआप नाहीसा होतो. उलटी हिरवी, रक्तमिश्रित किंवा जोराने फेकली जाणारी असल्यास मात्र मुलाला लगेच वैद्याकडे न्यावे लागते.