ठासणीची बंदूक, किंमत हजार डॉलर!

तंत्रज्ञान जितकं जुनं, तितकी वस्तू स्वस्त. आपल्या मोबाइल-लॅपटॉपच्या दुनियेत हा नियम अगदी पाठ झालेला असतो. मग हे कोडं सोडवा बघू.

अमेरिकेतल्या शिकार-साहित्याच्या दुकानात सॅव्हेज अ‍ॅक्सिससारखी साधी, नव्या पद्धतीची रायफल साधारण चारशे-पाचशे डॉलरला मिळते. तिला म्हणतात सेंटरफायर. काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठिणगी देणारी टोपी असते, म्हणून हे नाव. तयार काडतूस सरकवा, बोल्ट बंद करा, चाप ओढा. पुढचं काडतूस मॅगझिनमध्ये तयारच असतं. शेजारच्या रॅकवर सीव्हीए कंपनीची ‘पॅरामाउंट’ उभी असते. ही मझललोडर. नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, मग गोळी गजाने खालपर्यंत ठासायची. एका वेळी एकच बार. आणि किंमत? हजार डॉलरच्या पुढे!

पेनसिल्व्हेनियात मावसभावाकडे गेले होते, तेव्हा अशा दुकानात हे आकडे पहिल्यांदा पाहिले आणि चक्रावलेच. कारण ही बंदूक मला नावाने चांगलीच माहीत होती. आपल्याकडची ठासणीची बंदूक ती हीच की! कोकणात शेतराखणीसाठी घराच्या कोपऱ्यात उभी असायची, ती. आपल्याकडे ती गरिबाची बंदूक. अमेरिकेत तीच ‘प्रीमियम’ कशी काय झाली?

कॅलेंडरची कमाल

उत्तर बंदुकीत कमी आणि कॅलेंडरमध्ये जास्त आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला. अमेरिकेत मात्र हरणांच्या शिकारीचे दिवस प्रत्येक राज्य ठरवून देतं. नेहमीच्या रायफलचा सीझन म्हणजे जंगलात तोबा गर्दी. मग राज्यांनी जुन्या हत्यारांसाठी वेगळे दिवस काढले. पेनसिल्व्हेनियाने १९७४ साली चकमकीच्या बंदुकीचा खास सीझन सुरू केला. विचार सरळ होता. हत्यार अवघड, म्हणून माणसं कमी आणि मारलं जाणारं जनावरही कमी. ज्याला जुन्या पद्धतीची मजा घ्यायचीय, त्याने शांतपणे घ्यावी.

पण जिथे ‘एक्स्ट्रा’ दिवस, तिथे ‘एक्स्ट्रा’ गिऱ्हाईक! ज्यांना इतिहासाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांनाही हे निवांत दिवस हवे होते. १९८५ साली मिसुरीतल्या टोनी नाइट या बंदूक-कारागिराने ‘एमके-८५’ बाजारात आणली. दिसायला आधुनिक रायफल, भरायला ठासणीची. ठिणगी बाजूने न येता नळीच्या थेट मागून यायची, म्हणून या प्रकाराला ‘इनलाइन’ म्हणतात. पावसात दगा देणं कमी झालं, दुर्बीण लावता येऊ लागली आणि एक नवा बाजारच उभा राहिला.

पैसे जातात कुठे?

पहिलं कारण, संख्या. सेंटरफायर रायफलचा एकच सांगाडा डझनभर वेगवेगळ्या काडतुसांसाठी वापरता येतो. ती शिकारीला चालते, नेमबाजीला चालते, वर्षभर विकली जाते. त्यामुळे डिझाइन आणि मशीनचा खर्च असंख्य नगांवर वाटला जातो. मझललोडरचा बहुतेक धंदा वर्षातल्या थोड्या दिवसांच्या भरवशावर. नग कमी, म्हणून प्रत्येक नगावर बोजा जास्त.

मग सेंटरफायरच्याच स्वस्त सांगाड्यावर ठासणीची नळी का बसवत नाहीत? इथे दुसरं कारण येतं, कायदा. अमेरिकेच्या १९६८च्या बंदूक कायद्यात ठासणीची बंदूक ‘अँटिक’ धरली जाते. त्यामुळे केंद्रीय कायद्यानुसार ती परवानाधारक डीलरकडे न जाताही, पार्श्वभूमीची तपासणी न होता घरपोच मागवता येते (काही राज्यांचे नियम कडक आहेत). मात्र ती नेहमीच्या बंदुकीच्या सांगाड्यावर बनवलेली असेल, तर ही सवलत गेलीच. रेमिंग्टनने २०१४ साली आपल्या प्रसिद्ध ७०० मॉडेलवर बेतलेली ‘अल्टिमेट’ मझललोडर आणली, तिला नेहमीचे सगळे सोपस्कार लागू झाले. सवलत हवी, तर सांगाडा वेगळाच घडवायला हवा. खर्च आलाच!

तिसरं कारण, धातू. सेंटरफायरमध्ये मागची वाट पितळी काडतूस फुगून बंद करतं आणि बार झाला की ते बाहेर फेकलं जातं. ठासणीच्या बंदुकीत काडतूसच नाही. ते काम ब्रीच प्लग नावाचा आट्यांचा भाग वर्षानुवर्षं करतो. तो तापलेला वायू अडवणारा हवा आणि साफसफाईसाठी सहज निघणाराही हवा. त्यात काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते. बंदूक वेळेवर धुतली नाही, तर नळीला गंज धरतो. म्हणून महाग मॉडेलमध्ये स्टेनलेस स्टील किंवा गंजरोधक प्रक्रिया केलेली नळी येते.

याच्याही वरचा वर्ग म्हणजे धूररहित दारूसाठी बनवलेल्या मझललोडर. या दारूचा दाब इतका जबर असतो, की ती साध्या मझललोडरमध्ये भरली तर नळी फुटून हात किंवा डोळा जाऊ शकतो. त्यासाठी लागणाऱ्या दणकट बंदुका बऱ्याचदा लहान वर्कशॉपमध्ये ऑर्डरप्रमाणे बनतात. तिथे किंमत काही हजार डॉलरवर जाते.

दुसऱ्या टोकाला आहे निव्वळ हातकाम. मेपलच्या लाकडाचा लांबलचक दस्ता, हाताने बसवलेली चकमक, पितळेची नक्षी. इथे पैसे कारागिराच्या तासांचे. पॉवरलूमची साडी आणि हातमागाची पैठणी, यांच्या किमतीची तुलना आपण करतो का?

घ्यायची आणि घरी ठेवायची?

आता खरी गंमत. एवढे पैसे मोजून घेतलेली बंदूक प्रत्येक सीझनला चालेलच असं नाही. कोलोरॅडोच्या मझललोडर सीझनमध्ये दुर्बीण चालत नाही. धूररहित दारू, दारूच्या तयार गोळ्या आणि गोळीभोवतीचं प्लॅस्टिकचं वेष्टणही चालत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या हिवाळी सीझनला तर चकमकच हवी. म्हणजे लांब पल्ल्यासाठी जे जे विकत घेतलं, ते ते नियमाने बाजूला ठेवायचं! उलट ओहायोत २०१४पासून हरणांच्या सीझनला काही सेंटरफायर काडतुसंही चालतात, त्यामुळे तिथे मझललोडरची निकड कमी झाली.

राज्यांचं म्हणणं मला पटतं. सवलत दिली ती हत्यार अवघड आहे म्हणून. तो अवघडपणाच पैसे टाकून काढून घेतला, तर वेगळ्या सीझनला अर्थ काय उरला? पण शिकाऱ्यांचीही एक बाजू आहे. नेम पक्का असेल, तर जनावर जखमी होऊन तडफडत राहत नाही. हा वाद सहज मिटणारा नाही.

तिथे कुणी मित्र ही बंदूक घ्यायला निघाला असेल, तर त्याला एवढंच सांगा. आधी आपल्या राज्याचं नियमांचं पुस्तक वाच, मग प्राइस टॅग. कदाचित सीव्हीएचीच तीनशेच्या आसपासची ‘वुल्फ’ पुरेल. कारण हजार डॉलरमध्ये तो विकत घेतोय ते जंगलातले थोडे निवांत दिवस. आणि सुट्टीच्या दिवसांचा भाव काय असतो, हे तुम्हा-आम्हा नोकरदारांना कुणी वेगळं सांगायला हवं का?