दोराबजींनी हेरलेले अनवाणी पाय

बुधवार पेठेत दगडूशेठ हलवाई गणपतीपुढे रोज हजारो माणसं हात जोडतात. ज्या शेठच्या नावानं हा गणपती ओळखला जातो, त्याला मिठाईच्या धंद्याइतकाच कुस्तीचा नाद होता, हे मात्र त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. दगडूशेठ गडवे यांची स्वतःची तालीम होती, जगोबादादा तालीम. पुढे त्यांचे दत्तक चिरंजीव गोविंदशेठ यांनी त्या तालमीतही गणपती बसवला.

त्या काळी पेठांमध्ये खेळात पैसा यायचा तो असाच. शेठ नाहीतर सरदार तालमीला जागा द्यायचा. हौद्यातल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद पडायची ती त्याच्याच खर्चानं. पैलवानाचा दूध, तूप, बदामाचा खुराकही त्याच्याच घरून यायचा. फडावर जोड सुटली की इनाम ठरलेलं. पैलवानाची पारख करायला वेगळं साधन लागत नसे. समोरच्या गड्याची पाठ मातीला लागली की निकाल लागला.

धावणाऱ्याचं तसं नसतं. एकाच गावच्या दहा जणांत पहिला आलेला गडी जगात कुठे उभा आहे, हे घड्याळाशिवाय कळत नाही. पुण्याच्या एका शर्यतीत ते घड्याळ वाचणारा माणूस हजर होता. भारताच्या ऑलिंपिक संघाची गोष्ट तिथून सुरू होते.

त्या माणसाचं नाव सर दोराबजी टाटा. जमशेटजींचे थोरले चिरंजीव, जन्म २७ ऑगस्ट १८५९ चा. तरुणपणी केंब्रिजला असताना ते क्रिकेट आणि फुटबॉल खेळले, टेनिस खेळले, होडी वल्हवली. मुंबईला परतल्यावर शाळाशाळांच्या क्रीडा स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचे ते सरचिटणीस झाले. वडिलांच्या पश्चात पोलादाचा कारखाना आणि जलविद्युत प्रकल्प त्यांनी उभे केले. १९१० मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. आणि पुण्यात, मुठेच्या पलीकडे, बंडोपंत भाजेकरांच्या पुढाकारानं १९०६ साली निघालेल्या डेक्कन जिमखान्याचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होतं.

१९१९ साली जिमखान्याच्या क्रीडा स्पर्धांना ते अध्यक्ष म्हणून आले. स्पर्धा युरोपीय नियमांनी घ्यायचा घाट होता, पण आखलेली धावपट्टी नव्हती, प्रशिक्षक नव्हते, पायात बूट नव्हते. धावणारे होते आसपासच्या खेड्यांतले शेतकरी. सगळ्यांचं लक्ष ज्या शर्यतीकडे होतं ती सुमारे २५ मैलांची. तिला ‘मॅरेथॉन’ हेच नाव दिलेलं होतं. खडीच्या आणि मातीच्या कडक रस्त्यांवर अनवाणी पळायची सवय असलेली ही माणसं पळत आली, आणि त्यांनी घेतलेला वेळ युरोपात नोंदल्या जाणाऱ्या वेळांशी ताडून पाहण्याजोगा निघाला. दहा वर्षांनी, १९२९ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात दोराबजींनी हा सगळा प्रसंग सांगितला आहे.

त्या मैदानावरच्या बाकीच्यांना धावणारे दिसत होते, पण त्या वेळेची किंमत कळत नव्हती. पुढे संघ निवडायच्या बैठकीत शंभर मीटरसाठी किती वेळ प्रमाण धरायचा असा प्रश्न निघाला, तेव्हा जिमखान्याच्या एका जाणत्या सभासदानं मिनिट-दोन मिनिटं असं उत्तर दिल्याचं सांगतात. तिथे मिनिटं नव्हे, सेकंद आणि सेकंदाचे भाग मोजतात, हे ऐकून ते थक्क झाले. इतकं अंतर होतं. केंब्रिजच्या मैदानावर घडलेली नजर आणि मावळच्या रस्त्यावर घडलेले पाय त्या दिवशी एकाच जागी आले, म्हणून शोध लागला.

दोराबजी नुसतं कौतुक करून थांबले नाहीत. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड जिमखान्याच्या स्पर्धेला आले, तेव्हा या पोरांना १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला पाठवावं, असं दोराबजींनी सुचवलं. गव्हर्नरांनी लंडनच्या इंडिया ऑफिसशी गाठ घालून दिली, तिथून ब्रिटिश ऑलिंपिक समितीमार्फत भारताला प्रवेश मिळाला. तीन धावपटूंचा खर्च मी करतो, असं दोराबजींनी सांगून टाकलं. त्या शब्दानं पुण्यातल्या राष्ट्रीय बाण्याच्या मंडळींना चेव आला. तीनच का, अख्खा संघच पाठवू, असं त्यांनी ठरवलं.

जून १९२० मध्ये सहा खेळाडू बोटीनं निघाले. धावणारे चार: पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी. कुस्तीगीर दोन: कुमार नवले आणि रणधीर शिंदे. सोबत व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत आणि डॉ. फैजी. त्याआधी १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड धावले होते, पण ते एकटे. संघ म्हणून भारत ऑलिंपिकला उतरला तो हा पहिल्यांदा.

अँटवर्पची मॅरेथॉन पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. फिनलंडचे हान्नेस कोलेहमायनेन २ तास ३२ मिनिटांत पहिले आले. बेळगावच्या चौगुल्यांनी २ तास ५० मिनिटांत शर्यत पुरी केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. जिमखान्यावरचं घड्याळ खोटं बोललं नव्हतं. मातीत वाढलेले रणधीर शिंदे तर फेदरवेट गटात कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत गेले, पण तिथे ब्रिटनच्या मल्लाकडून हरले. तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या घातलेला खुराक पदकापासून एका कुस्तीवर अडला.

या कथेची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. याच वर्षांत टाटांच्या वीज कंपनीचं धरण मुळशीत उभं राहत होतं. त्यात जमिनी बुडणार म्हणून मावळच्या शेतकऱ्यांनी एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला आणि सेनापती बापट त्यात उतरले. पुण्याभोवतालच्या शेतकऱ्याच्या पायातली ताकद ज्याला दिसली, त्याच उद्योगपतीच्या धरणाखाली पुण्याजवळच्याच शेतकऱ्याचं शेत गेलं. हे दोन्ही खरं आहे आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही.

दोराबजींनी खेळातून मात्र पाय मागे घेतला नाही. १९२४ साली टाटांचा पोलाद कारखाना बुडायच्या बेताला आला, तेव्हा कामगारांचे पगार भागावेत म्हणून त्यांनी आपली सुमारे १ कोटी रुपयांची खासगी मालमत्ता गहाण टाकली. त्यात पत्नी मेहेरबाईंचा २४५ कॅरेटचा ज्युबिली हिराही होता. तरीही त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकलाही भारताचा संघ गेला, त्यालाही त्यांचा हात होता. स्वतः मेहेरबाई साडी नेसून तिथे मिश्र दुहेरीचं टेनिस खेळल्या. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमला हॉकीच्या संघानं सुवर्णपदक जिंकलं. ३ जून १९३२ रोजी जर्मनीत त्यांचं निधन झालं. त्याआधीच आपली जवळजवळ सगळी संपत्ती त्यांनी विश्वस्त निधीला देऊन टाकली होती.

खेळावर घातलेल्या पैशातून दोराबजींना एक रुपयाही परत मिळाला नाही. मग ही गुंतवणूक कसली? माझ्या मते खेळातली खरी गुंतवणूक हीच. रणधीर शिंदेंच्या हातून सुटलेलं कुस्तीचं कांस्यपदक ३२ वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी आणलं. त्यांना पाठवायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं. हिरा गहाण पडला कारखान्यासाठी आणि घर गहाण पडलं मल्लासाठी. दोघांनीही माणसांची किंमत आपल्या मालमत्तेपेक्षा जास्त धरली.

आज खेळात पैसा कमी नाही. संघ विकत घेतले जातात, खेळाडूंचे लिलाव होतात, जर्सीवर नावं झळकतात. हा पैसा तयार खेळाडूवर लागतो. दोराबजींनी पैसा लावला तो ज्याला अजून कोणी खेळाडू म्हणत नव्हतं त्याच्यावर, आणि दगडूशेठांनी लावला तो ज्याचा आखाडा शेजारीच होता त्याच्यावर. पुण्यात ऐपत असलेल्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे: एखाद्या संघाचा भाग विकत घेण्याआधी आपल्या तालुक्याच्या शालेय शर्यतीला जा, वेळ मोजा, आणि जो पोरगा किंवा पोरगी त्या वेळेला उतरेल, त्याच्या खुराकाचा, बुटांचा आणि प्रवासाचा खर्च पुढची चार वर्षं तरी उचला.