ठेवीचा राखणदार कोण?

शिंदखेडा आणि दोंडाईचा येथील बाजारपेठांत कापूस, धान्य व मिरची यांचा व्यवहार हंगामी असतो. हंगाम सरला की व्यापाऱ्याच्या हाती रोकड येते आणि ती कोठे ठेवावी, हा प्रश्न उभा राहतो. राष्ट्रीयीकृत बँक, नागरी सहकारी बँक आणि पतसंस्था हे मार्ग समोर असतात. शिवाय ओळखीच्या पेढीवर रक्कम ठेवण्याची जुनी रीतही पुरती मोडलेली नाही. सगळीकडे मिळणारी पावती वरवर सारखीच दिसते. तिच्यामागे उभा असणारा कायदा मात्र प्रत्येक ठिकाणी निराळा आहे.

खानदेशाला हा फरक मोठी किंमत मोजून कळला. जळगाव येथे मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटीत हजारो कुटुंबांच्या ठेवी अडकल्या. २०१५ मध्ये संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना अटक झाली आणि त्याच वर्षी संस्थेवर अवसायक नेमला गेला. ठेवीदारांची परीक्षा एवढ्यावर संपली नाही. अवसायनाच्या काळात मालमत्ता अल्प किमतीत विकल्या गेल्या आणि गरजू ठेवीदारांच्या पावत्या निम्म्याहून कमी रकमेत घेऊन त्या कर्जदारांच्या खात्यांत वळत्या केल्या गेल्या, असे आरोप झाले. त्यावरून नोव्हेंबर २०२० मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे घातले. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. सामान्य ठेवीदाराने यातून घ्यावयाचा बोध मात्र न्यायनिर्णयावर अवलंबून नाही.

तो बोध असा की, पतसंस्था ही बँक नव्हे. बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो आणि १९४९ चा बँकिंग नियमन कायदा तिला लागू असतो. सहकारी बँका १ मार्च १९६६ पासून या कायद्याच्या कक्षेत आल्या. पतसंस्थेवर देखरेख असते ती सहकार खात्याची. आणि संस्था बहुराज्यीय असेल तर तिचा निबंधक पुण्यात नव्हे, दिल्लीत बसतो. शिंदखेड्याच्या ठेवीदाराने तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज नेला, तरी अशा संस्थेबाबत त्यांचे हात बांधलेले असतात. बहुराज्यीय संस्थांच्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती होऊन सहकार लोकपालाची तरतूद झाली, हे त्या मानाने समाधानाचे पाऊल आहे.

दुसरा फरक विम्याचा. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक व लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर देशात ठेव विम्याचा कायदा आला. १९६२ मध्ये विम्याची मर्यादा १,५०० रुपये होती. १९९३ पासून ती १ लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये झाली. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा आरंभी ठेवीदाराला केवळ १,००० रुपये काढता येत होते. २०२१ च्या दुरुस्तीने आता अशा निर्बंधांनंतर ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली आहे. पतसंस्थेतील ठेवीला हे कवच नाही.

व्यापारी कुटुंबांनी येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. ५ लाखांची मर्यादा मुद्दल व व्याज मिळून, एका बँकेतील सर्व शाखांतील ठेवी एकत्र धरून मोजली जाते. मालकी दुकानाचे चालू खाते आणि मालकाची वैयक्तिक मुदत ठेव एकाच बँकेत असेल, तर दोन्हींची बेरीज होते. भागीदारी पेढीचे खाते मात्र भागीदाराच्या वैयक्तिक खात्याहून वेगळे धरले जाते.

मग बुडीत पतसंस्थेच्या ठेवीदाराला आधार कोणाचा? राज्याने १९९९ साली केलेला ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला पोलीस व वकील ‘एमपीआयडी’ म्हणतात, तो यासाठीच आहे. या कायद्यान्वये शासन संस्थेची व तिच्या चालकांची मालमत्ता जप्त करू शकते, सक्षम प्राधिकारी नेमला जातो आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने विक्रीची रक्कम ठेवीदारांत प्रमाणशीर वाटली जाते. मार्ग खरा आहे, पण दीर्घ आहे. वाट पाहण्याची ताकद नसलेला वृद्ध ठेवीदार पावती मिळेल त्या किमतीत विकून मोकळा होतो. म्हणून मूळ पावती कोणाच्याही हाती देण्यापूर्वी मागणी अर्ज दाखल करून त्याची पोच घ्यावी.

पेढीवर ठेवी घेणाऱ्यांसाठीही काळ बदलला आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा नातलगांकडून घेतलेले कर्ज आणि व्यापारातील आगाऊ रक्कम यांना वगळतो. परंतु चार ओळखीच्या घरांतून व्याजाने ठेवी गोळा करण्याचा परिपाठ ठेवला, तर तो कारावासास पात्र गुन्हा ठरू शकतो. सचोटी कितीही असली, तरी कायदा सचोटीची नव्हे, परवानगीची विचारणा करतो.

मंडळे, पाठशाळा व देवस्थानांच्या विश्वस्तांची जबाबदारी याहून मोठी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३५ नुसार न्यासाचा निधी अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक किंवा सरकारी रोखे येथेच ठेवावा लागतो. अन्यत्र गुंतवायचा तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी. जास्त व्याजाच्या मोहाने पतसंस्थेत ठेवलेला निधी बुडाला, तर त्याचा जाब विश्वस्तांनाच द्यावा लागेल.

बँकेविरुद्ध तक्रार असल्यास प्रथम बँकेकडे लेखी द्यावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. मार्गदर्शनासाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

पुढील पावतीचे नूतनीकरण करण्यापूर्वी प्रत्येक घराने तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: ही संस्था कोणाच्या परवान्यावर चालते, ठेवीला विमा आहे काय, आणि एका ठिकाणी घरातील एकूण किती रक्कम आहे. पिग्मीसाठी दारी येणारा प्रतिनिधी गावचाच असतो, भलाही असतो. पण या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच्या भलेपणात नसतात. ती परवान्यात, विम्याच्या प्रमाणपत्रात आणि आपल्या खतावणीतच शोधावी लागतात.