पत्ता शोधणारं रुग्णालय

1988 सालची गोष्ट. बोरिवलीत मानसोपचाराचा व्यवसाय करणारे डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता हॉटेलात जेवायला गेले होते. समोर रस्त्याच्या कडेला, केस वाढलेला, अंगाची काडी झालेला एक तरुण नारळाच्या करवंटीने गटारातलं पाणी उपसून पीत होता. दोघांनी त्याला उठवलं आणि सरळ आपल्या नर्सिंग होममध्ये आणलं. न्हाऊमाखू घातलं, औषधं सुरू केली. काही दिवसांनी तो बोलू लागला तेव्हा कळलं, की हा विज्ञानाचा पदवीधर आहे, पॅथॉलॉजी लॅबच्या कामाचा डिप्लोमाही त्याच्याकडे आहे आणि वडील आंध्र प्रदेशात जिल्हा परिषदेत नोकरीला आहेत. घरच्यांना कळवलं. ते आले आणि मुलाला घेऊन गेले.

त्याच वर्षी ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ची स्थापना झाली. रस्त्यावरच्या मनोरुग्णाला उचलायचं, बरं करायचं आणि त्याच्या घरी पोहोचवायचं, एवढंच काम या संस्थेने आजवर केलं. पण ‘एवढंच’ हा शब्द इथे फसवा आहे.

उपनगरातल्या प्रत्येकाने असा एक तरी माणूस पाहिलेला असतो. स्टेशनबाहेरच्या स्कायवॉकखाली, ऐन मे महिन्यात अंगावर तीन-चार शर्ट एकावर एक चढवलेला. हातात प्लास्टिकच्या पिशव्यांची मोट, पायाला चिघळलेली जखम, ओठ सतत हलत असलेले. कुणी वडापाव ठेवून जातं, कुणी चहा पाजतं. त्या माणुसकीची किंमत कमी नाही, पण त्याला खरी गरज असते औषधाची, आणि ती बहुधा कुणाच्या मनातच येत नाही. हा भिकारी आहे, दारुडा आहे किंवा जन्माचाच असा आहे, असं आपण धरून चालतो.

प्रत्यक्षात यातल्या अनेकांना स्किझोफ्रेनिया असतो. कानात आवाज येतात, घरचीच माणसं जिवावर उठली आहेत असा संशय पक्का होतो आणि माणूस घर सोडतो. समोर येईल त्या गाडीत चढतो, गाडी थांबेल तिथे उतरतो. म्हणून तर कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला, वांद्र्याला, बोरिवलीला देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातला माणूस येऊन पडतो. त्याची भाषा इथे कुणाला कळत नाही आणि आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही. या आजारावर 1952 पासून औषधं आहेत. ती नीट दिली तर अनेकांचे भास आणि संशय काही आठवड्यांत ओसरू लागतात. वर्षानुवर्षं रस्त्यावर काढलेला माणूस थोड्या दिवसांच्या गोळ्या-इंजेक्शनांनी आपलं नाव सांगू लागतो. मला तरी या सगळ्या कामातली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

मग सुरू होतं पत्त्याचं काम. रुग्णाला आधी आईचं नाव आठवतं, मग गावाचं. एका नावाची दहा गावं असतात. बोलीवरून प्रांताचा अंदाज घ्यायचा, पोस्ट कुठलं, ठाणं कुठलं, बाजाराला कुठे जायचास, असं विचारत विचारत जिल्हा गाठायचा. मग तिथल्या पोलिसांना नाहीतर सरपंचाला फोन करायचा. पत्ता जुळला की संस्थेचा समाजसेवक रुग्णाला बरोबर घेऊन गाडीत बसतो आणि त्याला बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, जिथे असेल तिथे दारापर्यंत सोडून येतो. घरच्यांना आजार समजावून सांगणं, औषधं हातात देणं हेही त्याचंच काम. अशा रीतीने घरी पोहोचलेल्यांचा आकडा 2018 पर्यंत सात हजारांच्या घरात गेला होता. त्या वर्षी डॉ. वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जागेची कथा मात्र कष्टाची आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले एक अध्यापक रस्त्यावर हलाखीत सापडले, तेव्हा त्यांच्यावरही याच दांपत्याने उपचार केले. त्या ऋणातून शंभराहून अधिक चित्रकारांनी आपली चित्रं दिली, त्यातून निधी उभा राहिला आणि 1997 साली दहिसरला वीस रुग्णांची सोय झाली. ‘वेड्यांचं इस्पितळ’ आपल्या शेजारी नको म्हणून रहिवाशांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. निकाल संस्थेच्या बाजूने लागला. शेजाऱ्यांची भीती मी समजू शकतो, पण मनोरुग्ण म्हणजे हिंसक माणूस ही समजूत चुकीची आहे. रस्त्यावरच्या रुग्णाच्या वाट्याला मारच अधिक येतो, विशेषतः बाईच्या वाट्याला काय येतं ते बोलवत नाही. पुढे बाबा आमटे यांच्या प्रेरणेने कर्जतजवळ वेणगावला साडेसहा एकरांवर, 120 जणांसाठी केंद्र उभं राहिलं. ते साल 2006. उघडं आकाश, झाडं, शेती, आणि शेजाऱ्यांची तक्रार नाही.

असं केंद्र का लागतं, हे कळायला एरवाडीची आठवण पुरे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या त्या गावात एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या पंचवीसहून अधिक मनोरुग्णांना पळताही आलं नाही. ते त्या आगीत गेले.

आज कायदा बराच बदलला आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे 2018 मध्ये लागू झाला. त्याच्या कलम 100 नुसार, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण हद्दीत भटकताना आढळला तर त्याला ताब्यात घेऊन संरक्षण देणं ही पोलीस ठाण्याच्या प्रमुखाची जबाबदारी आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावं लागतं, बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करावी लागते आणि घरच्यांचा शोधही पोलिसांनीच घ्यायचा असतो. स्कायवॉकखालचा तो माणूस दिसला तर जवळच्या ठाण्यात जाऊन हे कलम सांगावं. अडलं तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’च्या 14416 या क्रमांकावर सल्ला मिळतो.

घरी पोहोचवल्यावरही प्रश्न संपत नाही. बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद झाल्या की आजार उलटतो आणि माणूस पुन्हा गाडीत बसू शकतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 साली सुरू झाला, पण आडगावच्या माणसाला महिन्याच्या गोळ्यांसाठी अजून दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. बसभाडं वेगळंच. वेणगावातून बरा होऊन गेलेला माणूस घरी टिकेल की नाही, हे पुष्कळदा त्या बसभाड्यावर ठरतं.