फोनमधला धडा, भिंतीवरचा धडा

पडद्यावरची शाळा : लेखांक 5

42 मधून 17 वजा करायला सांगा. तिसरी-चौथीतली बरीच मुलं 35 लिहितात. मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ‘प्रत्येक मुलाला त्याच्या गतीनं’ अशी जाहिरात करणारं साधं ॲप इथे लाल फुली मारतं आणि तसलीच आणखी पाच गणितं पुढ्यात टाकतं. मूल तीही तशीच चुकवतं. नीट बांधलेलं ॲप 35 मागचं कारण ओळखतं आणि मुलाला दशक सुटा करण्याच्या पाठाकडे मागे नेतं. गती प्रत्येकाची वेगळी असते हे खरं, पण अडण्याची जागाही वेगळी असते आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी 1984 साली मांडलं, की स्वतंत्र शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या 98 टक्के मुलांच्या पुढे जातो. नंतरच्या अभ्यासांत हा फरक बराच कमी भरला. पण प्रत्येक मुलाला स्वतंत्र शिक्षक देणं कुणाला परवडणार?

सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड चिकटवून त्यामागे व्हिडिओ, कविता, गृहपाठ ठेवले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत कोड आले. डिसेंबर 2020 मध्ये गुरुजींना 10 लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. कोडची खुबी अशी, की छापलेलं पान तेच राहतं आणि त्यामागचा मजकूर बदलता येतो. न समजलेला भाग पोरगं दहा वेळा मागे नेऊन ऐकू शकतं. वर्गात दहा वेळा हात वर करायची त्याची छाती होत नाही.

मात्र फोन घरात हवा. तो बापाच्या खिशातून दिवसभर कारखान्यात गेला, की कोड म्हणजे नुसता काळा-पांढरा चौकोन. 2020 च्या टाळेबंदीत सोलापूर शहरातल्या नीलमनगरात, कापड कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबांच्या वस्तीत, आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी यावर उपाय काढला : सुमारे 300 घरांच्या भिंतींवर पहिली ते दहावीचे धडे रंगवले. आकृत्या, सूत्रं, अक्षरं, सगळं बोळात. भिंतीला रिचार्ज लागत नाही. शिवाय सातवीतला मुलगा चौथीच्या भिंतीपुढे उभा राहिला तरी कुणी त्याची इयत्ता विचारत नाही.

भिंतीला एक गोष्ट जमत नाही : समोरच्यानं 35 लिहिलं, हे तिला कळत नाही. व्हिडिओलाही कळत नाही. तिथे वही बघणारा शिक्षकच लागतो, नाहीतर ते चुकीचं उत्तर ओळखायला आधीच शिकवून ठेवलेलं ॲप.

पुढच्या लेखात, घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या सोलापूरच्या मुलांपुढे मराठी व्हिडिओ सुरू झाला की काय होतं, ते पाहू.