अष्टपुत्री लाल का झाली?

मंडळी, लग्नसराईतला एक प्रसंग सांगतो. हाउन्सलोमधल्या एका मराठी घरी मुलीचं लग्न होतं. गौरीहर पुजताना मामाकडची पिवळी साडी, म्हणजे अष्टपुत्री, हवी. पुण्याहून मागवायला वेळ नव्हता. मामींनी पांढरी सुती साडी आणली, हाय स्ट्रीटवरच्या देशी दुकानातली हळद गरम पाण्यात कालवली आणि साडी घरीच रंगवली. रंग सुरेख चढला. जास्तीचा रंग निघून जावा म्हणून त्यांनी ती कपडे धुण्याच्या पावडरच्या पाण्यात बुडवली आणि बघता बघता साडी विटकरी लाल झाली! लग्नाला दोन दिवस उरलेले. मला फोन आला, "भावोजी, हळदीत भेसळ होती का हो?"

भेसळ नव्हती. हळदीचा पिवळा रंग कुर्क्युमिन नावाच्या रेणूमुळे असतो. आम्लात आणि साध्या पाण्यात तो पिवळा दिसतो, पण पाणी अल्कधर्मी झालं की त्या रेणूतले हायड्रोजनचे अणू सुटतात, तो वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषू लागतो आणि आपल्याला तांबडा दिसतो. धुण्याची पावडर चांगलीच अल्कधर्मी असते. हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या कृतीत चुना किंवा टाकणखार लागतो तो याच कारणाने. म्हणजे मामींनी नकळत साडीचं कुंकू केलं होतं.

उपाय सोपा: बादलीभर गार पाण्यात कपभर पांढरं व्हिनेगर घालायचं. साडी पुन्हा पिवळी झाली. फक्त उशीर करायचा नाही, कारण अल्कधर्मी पाण्यात कुर्क्युमिन जास्त वेळ राहिलं तर त्याचे तुकडे पडतात आणि मग तो रंग परत येत नाही.

गोंधळ निवळल्यावर नवरी मुलीने विचारलं, "काका, इथे नवरी पांढरी, आपल्याकडे पिवळी नाहीतर हिरवी. हे मध्ययुगापासून असंच आहे का?" प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही.

आधी इथल्या पांढऱ्याचं बघू. तो मध्ययुगीन नाहीच. इंग्लंडची राजकन्या फिलिपा 1406 साली पांढऱ्या वस्त्रात लग्नाला उभी राहिली ही नोंद आहे, पण ती लक्षात राहिली ती अपवाद म्हणून. एरवी नवरी आपल्याकडचा सर्वांत चांगला झगा घाले. निळा, लाल, हिरवा, जो असेल तो. पांढऱ्याची चाल पडली ती 1840 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या लग्नानंतर. शिवाय कोणी काय घालावं यावर कायदाही होता. 1363 च्या इंग्लिश कायद्याने दर्जाप्रमाणे कापड ठरवून दिलं होतं. रंगाची किंमत हा दर्जाचाच भाग. निळा वोड नावाच्या झाडाच्या पानांतून येई, साधा लाल मॅडरच्या मुळांतून, आणि सर्वांत महागडा किरमिजी केर्मेस नावाच्या किड्यातून. आपली लाखही किड्याचीच आणि तिच्या रंगाचं रसायन केर्मेसच्या नात्यातलंच.

आता आपल्याकडे या. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात राजाच्या वस्त्रांवर स्वतंत्र प्रकरण आहे. राजघराण्याचा थाट त्यावरून कळतो. पण साध्या घरातल्या नवरीचं लुगडं? ते शिल्लक राहिलेलं नाही. आणि का राहिलं नाही, यात थोडं रसायनशास्त्रही आहे.

भारतीय मध्ययुगीन सुती कापडाचा मोठा साठा इथून फार लांब नाही, ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये आहे. गुजरातेत छापलेले आणि इजिप्तच्या कोरड्या मातीत टिकलेले हे तुकडे आहेत. ते बघितलेत तर मुख्यतः लाल आणि निळा दिसेल. त्यावरून आपले पूर्वज लाल आणि निळंच नेसत असं म्हणाल तर फसाल. हे दोन रंग टिकाऊ म्हणून उरले. मंजिष्ठा किंवा आल यांच्या मुळांतला लाल रंग तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमला धरून धाग्याला घट्ट बसतो. निळीची गोष्ट निराळी. ती पाण्यात विरघळतच नाही. आंबवलेल्या पिंपात तिचं विरघळणारं, पिवळट रूप तयार करायचं, त्यात कापड बुडवायचं आणि वर काढून हवा लागू द्यायची. ऑक्सिजन मिळाला की ती धाग्याच्या आत पुन्हा निळी होते आणि अडकून बसते. हे पिंप सांभाळणं इतकं कौशल्याचं की महाराष्ट्रात निराळी नावाची जातच त्या धंद्यावर होती.

हळद याच्या अगदी उलट. तुरटी नको, पिंप नको, रंगारी नको. एका बुडवणीत घरच्या घरी काम होतं. पण उन्हात काही दिवसांतच रंग उडतो. करडईच्या पाकळ्यांचा कुसुंबी रंगही तसाच नाजूक. पाकळ्यांतला पिवळा रंग पाण्याने धुऊन टाकायचा, मागे राहिलेला लाल पापडखारासारख्या क्षाराने काढायचा आणि लिंबाचा रस घालून कापडावर बसवायचा. पाकळ्यांत हा लाल एक टक्क्याहूनही कमी असतो. इतकी खटपट करून तो साबणाने आणि उन्हाने जातो! रोजच्या कपड्याला असा रंग परवडत नाही. दोन दिवस नेसायच्या वस्त्राला मात्र चालतो, आणि प्रत्येक लग्नात तो ताजाच करावा लागतो. माझ्या मते अष्टपुत्रीचा पिवळा घराघरांतून टिकला त्यात या सोयीचा वाटा मोठा आहे, हळदीच्या पावित्र्याइतकाच.

आणि हिरवा शालू? एकाच झाडातून चांगला पक्का हिरवा मिळणं जवळजवळ अशक्य. पानांतलं हरितद्रव्य कापडावर टिकत नाही. म्हणून आधी निळीत बुडवायचं, मग पिवळ्यात. दोन रंगाऱ्यांचं काम, म्हणून किंमतही जास्त. युरोपातही हीच युक्ती होती, फक्त पिवळा वेल्ड या झाडाचा. दोन्हीकडे पिवळा आधी उडतो आणि निळा मागे राहतो. हाउन्सलोहून पिकॅडिली लाइनने थेट साउथ केन्सिंग्टनला उतरा आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या पंधराव्या शतकातल्या टेपेस्ट्रीज बघा. असल्या जुन्या टेपेस्ट्रींत झाडांची पानं निळसर दिसतात. विणणाऱ्याने ती हिरवीच विणली होती.

मामींची साडी सध्या काळ्या कापडात गुंडाळून कपाटात आहे. धाकटीच्या लग्नात ती फिकट झालेली असली तर पुन्हा हळदीत बुडवायची, असं ठरलंय. पावडर मात्र कपाटात कुलूप लावून ठेवायची आहे.