काळ्या मातीची भेग, दगडी खांब आणि बांबूचे पेर

चैत्र-वैशाखात यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या रानाला हाताचा पंजा सहज आत जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात. याच जिल्ह्यातील वणी-पांढरकवडा पट्ट्यात, शिबला-पार्डी येथे, रस्त्याच्या खोदकामात कोन साधून घडवल्यासारखे दगडी खांब उघडे पडले. ते स्तंभाकार बेसाल्ट असल्याचे भूशास्त्राचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी २०२१ मध्ये सांगितले. मातीची भेग आणि दगडाचा खांब, दोन्हींच्या मुळाशी आकसण्याची क्रिया आहे. निसर्गातील रचनांवरून वास्तुरचनेचे प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला या दोहोंतून पहिला धडा मिळतो. आकार कागदावर उतरवण्याआधी तो कोणत्या बलाने घडवला, हे शोधावे लागते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हा वरून आणि खालून थंड होत गेला. थंड होताना तो आकसला, ताण असह्य होऊन पृष्ठभाग तडकला आणि थंडावा जसा आत शिरला तसे तडेही आत उतरले. मातीत नव्याने पडणारी भेग जुन्या भेगेला बहुधा काटकोनात मिळते. लाव्ह्यातले तडे मात्र आत सरकताना जागा बदलत जातात आणि अखेर तीन-तीन तडे साधारण १२० अंशांनी एकत्र येतात, कारण या मांडणीत ताण सर्व बाजूंनी सारखा सुटतो. त्यातून बहुतांशी सहा बाजूंचे, अधूनमधून पाच किंवा सात बाजूंचे खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच खांबांची आहे. लाव्हा सावकाश थंड झाला तर खांब जाड होतात, झटपट थंड झाला तर बारीक.

हे प्रात्यक्षिक वर्गातही करता येते. कॉर्नफ्लोअर पाण्यात दाट कालवून काचेच्या भांड्यात ओतावे आणि वर विजेचा दिवा लावून काही दिवस वाळू द्यावे. सुकलेली वडी फोडली की आत काही मिलिमीटर जाडीचे उभे खांब दिसतात. दिवा दूर ठेवून वाळवण्याचा वेग कमी केला तर खांब जाड होतात.

मधमाशीच्या पोळ्यातही षटकोन असतो, पण त्यामागे काटकसर आहे. सपाट पृष्ठभागाचे समान क्षेत्रफळाचे भाग पाडायचे तर कडांची एकूण लांबी षटकोनी जाळीत सर्वांत कमी भरते. हे गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये सिद्ध केले. कडा कमी म्हणजे मेणही कमी. इमारतीला नुसत्या षटकोनी खिडक्या लावल्याने हा गुण येत नाही. दोन पातळ पत्र्यांमध्ये षटकोनी जाळी चिकटवलेल्या फळीत मात्र तो येतो. ती वजनाला हलकी असूनही सहज वाकत नाही, म्हणून विमानांतही वापरली जाते.

विदर्भातील रानात सर्रास आढळणारा बांबू हा खांब आणि तुळईचा धडा आहे. वाकणाऱ्या दांड्याच्या बाहेरच्या थरावर ताण सर्वाधिक असतो आणि बांबूचे चिवट तंतू नेमके तिथेच दाट असतात. पोकळ नळी दाबाखाली चपटी होण्याचा धोका असतो. तो पेरापेराशी असलेला आडवा पडदा टाळतो. मात्र तंतू उभे असल्यामुळे खिळा ठोकला की बांबू उभा चिरतो. म्हणून जोड पेराजवळ घेऊन दोरीने आवळणे किंवा आधी भोक पाडून बोल्ट बसवणे श्रेयस्कर ठरते. प्रतिकृती करताना विद्यार्थ्याने सांध्यावर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण बांबूचा सांगाडा बहुधा सांध्यातच हार खातो.

वारुळाचे उदाहरण सावधपणे घ्यावे लागते. झिंबाब्वेतील हरारे येथे वास्तुविशारद मिक पिअर्स यांची ईस्टगेट ही इमारत १९९६ मध्ये उभी राहिली. वारूळ धुराड्यासारखे आतले तापमान स्थिर राखते, ही समजूत तिची प्रेरणा होती. पुढच्या संशोधनात वारुळाचे काम फुप्फुसासारखे, वायूंची देवाणघेवाण करण्याचे असल्याचे दिसले. तरीही इमारत यशस्वी ठरली, कारण रात्रीची गार हवा जाड काँक्रीटमधून खेळवून दिवसा तो गारवा वापरण्याचे तत्त्व पक्के होते. यवतमाळसारख्या ठिकाणी हे तत्त्व रात्री पुरेशा गार असतील त्याच महिन्यांत उपयोगी पडेल. त्यामुळे प्रकल्पाच्या आराखड्याआधी दिवसरात्रीच्या तापमानाची नोंद हवी.

काळ्या मातीचा प्रश्न शेवटी पायाशी येतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पायाच्या भिंतींना तडे देते. ओलाव्यातील हा चढउतार साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवतो. त्यावर उपाय म्हणून रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेला पाइल (जमिनीत खोल जाणारा पायाचा खांब) विकसित केला. फुगवट्याचा व्यास दांड्याच्या सुमारे अडीचपट असतो आणि तो स्थिर थरात रुतून बसतो. वरची माती दांड्याला उचलू पाहते, तेव्हा हा फुगवटा त्याला धरून ठेवतो. या पाइलने कोणत्याही झाडाचा किंवा प्राण्याचा आकार घेतलेला नाही. तो मातीच्या वागण्यावरून ठरला आहे.